साडेसहा की नऊ-तीन

ताउनोने काउंटरवर दोन खोकी ठेवली,
मधे वीतभर जागा सोडून,
भांडलेली दोन माणसं एका बाकावर बसवावीत तशी.
डावीकडे साडेसहा: बारीक, लांबट, झिजत आलेल्या पेन्सिलीएवढी.
उजवीकडे नऊ-तीन: हातात घेतलं
की पितळ आधी गार लागतं,
मग जड.

सुओमुस्साल्मीत ऑक्टोबर लागलाय.
दुकानाच्या दारात ओले बूट,
आणि बुटांत उभी असलेली मतं.

एस्को म्हणतो, नऊ-तीनच घे. अस्वल आलं तर?
(अस्वल त्याच्या आजोबांना भेटलेलं, एकदाच.
दोघेही पळाले.)
रीस्तो म्हणतो, तीस-शून्य-सहा, मधला मार्ग.
रीस्तोने जन्मभर मधला मार्गच धरला
आणि अजून कुठे पोचलेला नाही.
गोळीचं वजन, सेकंदाला मीटर किती, दोनशेवर किती खाली येते,
सगळे आकडे पाठ, सगळे बरोबर.
पण दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून बोललं
की कुठलीच बंदूक लाथ मारत नाही.

माझा खांदा एकावन्न वर्षांचा. आत एक स्क्रू.
इस्पितळात माणसं या कुशीवरून त्या कुशीवर वळवून झिजलेला.
घरी बाबांच्या दोन रायफली,
आणि यंदा सातव्या नाक्यापुढे,
जिथे ते एकोणतीस वर्षं बसले,
खडूने माझं नाव: आउने.

त्यांची वही मी वाचली आहे.
तारीख, वारा, अंतर, काडतूस, वजन.
आईबद्दल अक्षर नाही, माझ्या लग्नाची तारीखही नाही
(त्या दिवशी वारा वायव्येचा होता, एवढं आहे).
आणि एका पानावर:
नऊ-तीन. नव्वद मीटर. पोटात.
दोन दिवस दलदल. कुत्रा दमला.
वजनाचा रकाना कोरा.

तो आठवडा मला आठवतो, मी चौदाची होते.
ते आले आणि बूट न काढता सॉनाच्या पायरीवर बसले.
आई म्हणाली, सूप गार होतंय.
ते म्हणाले, गोळी मोठी होती.
मग बऱ्याच वेळाने,
कोणी काही विचारलेलं नसताना:
जागा चुकली.

ताउनोला विचारलं, चारशे किलोच्या मूसला साडेसहा पुरेल?
त्याने आकडा सांगितला नाही.
म्हणाला, नऊ-तीन झाडताना डोळे मिटतेस?
मिटते.
कधीमधी?
दर वेळी.
मग तो खोकी सारखी करत राहिला, आधीच सारखी असलेली,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
तुझ्या बाबांनी शेवटची सहा वर्षं
उजवीकडचं खोकं नेलं नाही.
एस्कोला बोलू नकोस.

दर रविवारी ते नऊ-तीनला तेल द्यायचे.
सहा वर्षं. न झाडलेल्या बंदुकीला.
मी ते प्रेम समजत होते.
असेलही.

शनिवारी खाणीमागच्या मैदानात
शंभर मीटरवर कॉफीच्या बशीएवढा कागद.
पहिली गोळी बाहेर. दुसरी कडेला.
तिसऱ्या वेळी चाप कधी सुटला ते कळलंच नाही,
फक्त कागदात भोक पडताना दिसलं.
पडलेलं नव्हे, पडताना.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

आता सातवा नाका. पहाटेचे सहा, उणे चार.
काडतूस आत सरकतं,
परसातल्या दाराची कडी लागावी तसा आवाज.
बाबांच्या ओंडक्यावर बाबांच्या मापाचा खळगा आहे,
मी त्यात नीट मावत नाही.
लव्हाळ्यांच्या पलीकडे बघत
मनात बशी धरते, खांद्याच्या जरा मागे.
त्याच्याही खांद्याच्या.

कुत्रा अजून भुंकलेला नाही.
काहीच आलेलं नाही.
मी नुसती डोळे उघडे ठेवते.